लाल दिव्याला सही लागत नाही

कल्याण पूर्वेला वालधुनीच्या काठाजवळ ज्या शाळेत मी एकोणतीस वर्षं शिकवलं, तिच्या फाटकाची चावी २६ जुलै २००५ च्या रात्री माझ्याकडे होती. शाळेचा वरचा मजला रात्रभर कोरडा आणि रिकामा राहिला. तिथून हाकेच्या अंतरावर राहणारी तीस-पस्तीस माणसं मात्र पहाटेपर्यंत रेल्वेच्या पादचारी पुलावर कुडकुडत बसली होती. ही गोष्ट मी गेल्या वीस वर्षांत फार थोड्या लोकांना सांगितली. आता मी निवृत्त झालो आहे. त्या रात्रीनंतर ज्यांनी मला पुन्हा उभं केलं ते अण्णाही आता नाहीत. त्यांचं देणं माझ्याकडे राहिलं आहे आणि निदान ते कबूल करावं, म्हणून हे लिहितो.

मी १९९६ मध्ये सातारा जिल्ह्यातून नोकरीसाठी कल्याणला आलो. पावसाची भीती म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे पाऊस पडला नाही तर माणसं घाबरत. वालधुनी ही नदी आहे, हेसुद्धा मला कोणी सांगेपर्यंत कळलं नव्हतं. अंबरनाथजवळच्या डोंगरात ती उगम पावते, तिथल्या प्राचीन शिवमंदिराला वळसा घालते, उल्हासनगरची वस्ती आणि कारखाने ओलांडून कल्याणमध्ये येते आणि खाडीला मिळते. वाटेत तिचं पाणी इतकं काळं होतं की आजूबाजूचे सगळे तिला नालाच म्हणत. मीही म्हणायचो. भूगोल शिकवत असूनही शाळेच्या मागची नदी मी मुलांना कधी दाखवली नव्हती.

अण्णा आमच्या शाळेतल्या एका मुलीचे आजोबा. मूळचे इगतपुरीकडचे. मध्य रेल्वेत गँगमन म्हणून लागले, कसारा घाटात आयुष्य काढलं आणि मुकादम होऊन निवृत्त झाले. नदीकाठच्या चाळीत मुलाकडे राहायचे. दर जूनमध्ये शाळा उघडली की दोन-चार दिवसांत ते येत, माझ्या वर्गाच्या दाराशी उभे राहत आणि दरवर्षी तेच विचारत, "मास्तर, यंदा शाळेची चावी कोणाकडे?"

मी सांगायचो, "एक शिपायाकडे, एक माझ्याकडे."

"शिपाई कुठे राहतो?"

"टिटवाळ्याला."

"आणि तुम्ही गावाला गेलात तर?"

या शेवटच्या प्रश्नाला मी कधी नीट उत्तर दिलं नाही. तास सुरू आहे, मुलं खोळंबली आहेत, असं काहीतरी सांगून त्यांना वाटेला लावायचो. म्हाताऱ्या माणसाला वेळ जात नाही, म्हणून येतात, असं मला खरोखर वाटायचं. ते नऊ वर्षं मला एकच प्रश्न विचारत होते आणि नऊ वर्षांत मी तो एकदाही ऐकला नाही.

२६ जुलै मंगळवार होता. दुपारनंतर पावसाचा सूर बदलला. लोकल बंद पडल्याची बातमी आली, तेव्हा आम्ही मुलांना घरी सोडलं. मी शाळेजवळच्याच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. संध्याकाळी वीज गेली, मग फोन गेला. रात्री नऊच्या सुमारास खालून हाक आली. गॅलरीतून बॅटरीचा झोत टाकला, तर अण्णा होते. त्यांच्या मागे चाळीतली माणसं होती. बायकांच्या डोक्यावर बोचकी होती, दोन म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून आणलं होतं, आणि एका बाळंतिणीच्या कुशीत अकरा दिवसांचं मूल होतं.

"मास्तर, पाणी उंबऱ्याला लागलंय. शाळा उघडा."

त्यावर मी जे बोललो ते मला शब्दाशब्दासह आठवतं. मी म्हणालो, "अण्णा, मुख्याध्यापकांशी बोलल्याशिवाय कसं उघडू? फोन लागत नाहीये. थोडं थांबा, पाणी उतरेल."

मनात काय काय होतं, तेही लपवत नाही. वर्गात बाकं होती, प्रयोगशाळेत काचसामान होतं, नुकतेच आलेले दोन संगणक होते. काही गेलं तर माझ्या नोकरीवर येईल, ही धास्ती होती. शिवाय इतकं काही होणार नाही, असंही वाटत होतं. अण्णांनी वाद घातला नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "चला, पुलावर जाऊ. पुलाला छप्पर आहे."

मी आत गेलो. झोप येईना. मध्यरात्रीनंतर कधीतरी मला राहवेना म्हणून चावी घेऊन खाली उतरलो. जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या पाण्याखाली होत्या. रस्त्यावर पाणी कमरेच्या वर होतं आणि त्याला ओढ होती. शाळेचं फाटक समोर, शंभर-सव्वाशे पावलांवर, अंधारात असणार हे मला माहीत होतं. पण तिथवर जाता येत नव्हतं. नऊ वाजता ज्या चावीने तीस-पस्तीस माणसांची रात्र कोरडी झाली असती, ती एक वाजता निरुपयोगी होती. मी ती हातात घट्ट धरून पायरीवर बसून राहिलो.

त्या पावसाने राज्यात हजाराहून अधिक माणसं नेली. महाड तालुक्यात जुई, दासगाव या गावांवर दरडी कोसळल्या. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा झाला नाही. एकाच शहराच्या दोन टोकांना दोन वेगळे दिवस होते. आमच्या चाळीतली माणसं सुदैवाने सगळी वाचली. बाळही वाचलं. पण ते माझ्यामुळे वाचलं नाही.

चार दिवसांनी, चिखल काढून झाल्यावर, मी अण्णांकडे गेलो. त्यांच्या घरात भिंतीवर छातीइतक्या उंचीवर पाण्याची रेघ उमटली होती. मी म्हणालो, "अण्णा, माझं चुकलं." आणखी काही बोलता आलं नाही.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, बसा. तुम्हाला घाटातलं सांगतो."

आणि त्यांनी मला पावसाळी गस्तीबद्दल सांगितलं. पावसाळ्यात रात्री घाटातल्या रुळांवरून गँगमन चालत जातो. एका गस्तवाल्याचं बीट संपतं तिथे दुसऱ्याचं सुरू होतं. दोघं भेटतात, गस्तीच्या वह्या बदलतात आणि परततात. वही दुसऱ्या टोकाला पोहोचली, की मधला सगळा रूळ कोणीतरी डोळ्यांनी पाहिला आहे, हे कळतं. जवळ हातदिवा, शिट्टी आणि रुळावर लावायचे फटाके असतात. पुलांच्या खांबांवर धोक्याच्या पातळीची खूण रंगवलेली असते. "पाणी किती आहे ते अंदाजाने बघायचं नाही," अण्णा म्हणाले. "अंदाजात माणूस स्वतःला फसवतो. खुणेला लागलं की लागलं."

आणि रूळ खचलेला दिसला तर? अण्णांनी जमिनीवर बोटाने रेघ ओढून दाखवलं. अडथळ्यापासून ६०० मीटरवर एक फटाका, पुढे १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन. चाक त्यावरून गेलं की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हर ब्रेक लावतो. तोवर गँगमनने लाल दिवा धरून उभं राहायचं.

मी विचारलं, "पण एवढी मोठी मेल गाडी थांबवायची तर आधी कोणाला विचारावं लागत असेल ना?"

अण्णा पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहत म्हणाले, "मास्तर, लाल दिव्याला साहेबाची सही लागत नाही. सही अगोदरच झालेली असते. कागदावर, नियमात, उन्हाळ्यातच. रात्री कोणाला विचारत बसलो तर गाडी दरीत."

मग थोडं थांबून म्हणाले, "तुमची चूक एवढीच, की तुम्ही पाणी आल्यावर ठरवायला बसलात. पाणी आल्यावर ठरवायला बसलेला माणूस नेहमी 'नको' म्हणतो. मीपण म्हटलं असतं. म्हणून तर दर जूनला विचारायला येत होतो."

त्या वाक्याने मी माझ्या अपराधातून सुटलो नाही. पण त्या अपराधाचं करायचं काय, हे मला कळलं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. एरवी मी तो वाचला नसता. अण्णांचं बोलणं कानात होतं, म्हणून मिळवून वाचला आणि वाचताना थक्क झालो. १९९९ चं ओडिशाचं महाचक्रीवादळ, २००१ चा भूजचा भूकंप, २००४ ची त्सुनामी, आणि आपल्याकडे त्याआधीची १९९३ ची किल्लारी, एवढ्या मृत्यूंनंतर देशाने जे कागदावर उतरवलं त्याच्या मुळाशी अण्णांचाच प्रश्न होता : चावी कोणाकडे? राष्ट्रीय प्राधिकरण पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली, राज्याचं मुख्यमंत्र्यांच्या, जिल्ह्याचं जिल्हाधिकाऱ्यांच्या. कोणी आदेश द्यायचा, कोणती साधनं ताब्यात घ्यायची, कोणाची माणसं बोलवायची, हे पाणी येण्याआधी ठरवून ठेवणं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल याच कायद्याने उभं राहिलं. त्याची एक तुकडी आज पुण्याजवळ सदैव सज्ज असते. पण ती पुण्याहून निघून आमच्या चाळीपर्यंत येईतो मधले तास कोणाचे? ते शेजाऱ्यांचे, हे मला त्या पायरीवर बसून कळलं होतं.

२००६ च्या मे महिन्यात मी शाळा चालवणाऱ्या संस्थेपुढे अर्ज घेऊन गेलो. तीनदा जावं लागलं. पण अखेर पत्र मिळालं. पाणी खुणेला लागलं की ज्याच्याकडे चावी असेल त्याने कोणालाही न विचारता शाळा उघडावी. सामानाच्या नुकसानीबद्दल त्याला जाब विचारला जाणार नाही. अण्णांनी ते पत्र दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "झाली सही."

खूण त्यांनीच काढली. नदीवरच्या पुलाच्या कठड्याखाली दोन पट्टे, एक पिवळा, एक लाल. पिवळ्याला पाणी लागलं की म्हातारे, आजारी, गरोदर बायका आणि तान्ही मुलं निघणार. लाल पट्ट्याची वाट त्यांनी पाहायची नाही. तेव्हा मला वाटलं, हे अण्णांचं स्वतःचं डोकं. पुढे जिल्ह्याच्या पूर अहवालांत बदलापूरला उल्हास नदीची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर असं वाचलं, आणि लक्षात आलं, की मोठ्या यंत्रणेचं आणि या म्हाताऱ्याचं शहाणपण एकच आहे.

मग वही झाली. घरोघर जाऊन मी ती लिहिली आणि लिहिताना कळलं, की माझ्याच विद्यार्थ्यांची घरं मी दहा वर्षांत पाहिली नव्हती. कोणाच्या घरी अर्धांगवायू झालेले वडील, कोणाची आई रात्रपाळीला, कोणाला इन्सुलिन लागतं, कोणाला ऐकू येत नाही. एका पानावर उधाणाच्या तारखा. वालधुनी खाडीला मिळते. खाडीला भरती असेल तर नदीचं पाणी पुढे जात नाही, मागे चढतं. पाऊस आणि उधाण एका दिवशी आले तर पिवळ्या पट्ट्याचीही वाट पाहायची नाही. दहा वर्षं भरती-ओहोटी फळ्यावर शिकवत आलो होतो. ती कुठे, कोणाच्या घरात शिरते, हे त्या दिवशी शिकलो.

राहिली तिसरी चावी. एक आता मुख्याध्यापकांकडे, एक माझ्याकडे, तिसरी एखाद्या सभ्य, सुशिक्षित पालकाकडे असावी, असं माझं मत होतं. अण्णांनी शाळेसमोरच्या चहाच्या टपरीवाल्या मावशींचं नाव घेतलं. मी तोंड वाकडं केलं. शाळेची चावी टपरीवर? अण्णा म्हणाले, "मास्तर, चावी पदाला देऊ नका. जो रात्री इथे असतो त्याला द्या. ती बाई पहाटे चारला उठते, अकराला टपरी झाकते, आणि पंधरा वर्षांत गावाला गेलेली मी पाहिली नाही." मला त्यांचं म्हणणं पटलं नव्हतं. केवळ त्यांचं ऋण होतं म्हणून मान्य केलं. ही दुसरी लाज.

पुढची दहा वर्षं दर जूनच्या पहिल्या आठवड्यात अण्णा वर्गात येत. आता ते दाराशी उभे राहत नसत. मी खुर्ची देत असे. मुलांसमोर ते चावीचा प्रश्न विचारत आणि मुलं एकसुरात तीन नावं सांगत. मग मुलं वही घेऊन चाळीत जात आणि मेलेल्यांची नावं खोडून, नव्या जन्मांची नावं लिहून येत. २०१६ च्या पावसाळ्याआधी अण्णा गेले. त्या जूनला प्रश्न मी विचारला. घसा दाटला; पण विचारला.

२०१९ च्या २६ जुलैची रात्र. मी ठाण्याला मुलीकडे होतो. रात्रभर पाऊस लागून होता. उल्हास पात्राबाहेर गेली. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, हवाई दल आणि चामटोली परिसरातले गावकरी यांनी मिळून हजाराहून अधिक प्रवाशांना सुखरूप बाहेर काढलं. त्या बचावाची चित्रं सगळ्या देशाने पाहिली आणि ती अभिमानाचीच होती. चौदा वर्षांत देश किती पुढे आला होता, हे त्या रबरी बोटींतून उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे पाहून कळत होतं.

पण माझ्यासाठी त्या रात्रीची मोठी घटना वेगळी होती, आणि तिचं चित्र कोणाकडे नाही. रात्री उशिरा जागा झालो, खिडकीबाहेरचा पाऊस ऐकला आणि २००५ आठवून हातपाय गळाले. गाड्या नाहीत, मी ठाण्यात, चावी माझ्याकडे. मावशींना फोन लावला. पलीकडून पोरांचा गलका ऐकू आला.

"सर, पिवळ्याला लागायच्या आधीच उघडली. आज उधाण आहे की नाही, ते बघायला वही काढली, पण म्हटलं कशाला थांबायचं. सगळे वरच्या मजल्यावर आहेत. चहा झाला. तुम्ही झोपा."

मी अंथरुणावर बसून रडलो. मी तिथे नव्हतो आणि माझं असणं गरजेचं नव्हतं. अण्णांनी नऊ वर्षं विचारलेल्या "तुम्ही गावाला गेलात तर?" या प्रश्नाचं उत्तर त्या रात्री मिळालं होतं. ते मी दिलं नाही; मी जिच्या हाती चावी द्यायला कचरलो होतो, तिने दिलं.

त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो. ओडिशात १९९९ च्या वादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन चक्रीवादळ आलं तेव्हा लाखो माणसं आधीच हलवली होती आणि मृतांचा आकडा शंभरीच्या खूप आत राहिला. तिथले अनेक चक्रीवादळ निवारे एरवी शाळा म्हणून वापरले जातात आणि त्यांची देखभाल गावकऱ्यांची समिती करते. वाचताना मला आमचं फाटक दिसत होतं. आता आपल्याकडेही हवामान खात्याचे रंगांचे इशारे आहेत, मोबाइलवर सूचना येतात, 'आपदा मित्र' योजनेत सामान्य नागरिकांना प्रशिक्षण मिळतं, ठाणे महापालिकेने स्वतःचं आपत्ती प्रतिसाद दल उभं केलं आहे. हे सगळं लागतंच.

तरी १९ जुलै २०२३ ची रात्र विसरता येत नाही. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. वर जायला गाडीरस्ता नव्हता. यंत्रं पोहोचली नाहीत, मदतीला गेलेले जवान पायी चढले आणि हातांनी माती उपसत राहिले. वाडीच्या शाळेत त्या रात्री असलेली काही मुलं वाचली आणि त्यांनी खाली बातमी पोहोचवली. ते वाचून मी पेपर बाजूला ठेवला. त्या वाडीला कोणी खूण काढून दिली असती, कोणी दर जूनला जाऊन प्रश्न विचारला असता, तर काय झालं असतं, हे मी सांगू शकत नाही. पण प्रश्न विचारणारा माणूस प्रत्येक वाडीला मिळाला पाहिजे, एवढं मी खात्रीने सांगू शकतो. देशाची सज्जता दिल्लीत आणि मंत्रालयात ठरते हे खरं. पण ती पूर्ण होते ती शेवटच्या दारापाशी, आणि त्या दाराला कुलूप असेल तर वरचं सगळं अडतं.

मला हे शिकायला एक अपराध आणि एक अण्णा लागले. तुम्हाला अपराधाची गरज पडू नये. येत्या मे महिन्यात आपल्या घराजवळची शाळा, समाजमंदिर किंवा मंगल कार्यालय गाठा आणि विचारा, रात्री पाणी आलं तर इथली चावी कोणाकडे? तो माणूस इथेच राहतो का? तो गावाला गेला तर? उघडायला त्याला कोणाची परवानगी लागते? उत्तर देणारा वैतागेल. मीही वैतागलो होतो. पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.

निवृत्तीच्या दिवशी मी माझी चावी शाळेजवळ राहणाऱ्या एका तरुण शिक्षिकेकडे दिली आणि वहीत तिचं नाव लिहिलं. तिसरी चावी आजही टपरीवर, चहाच्या डब्यामागच्या खिळ्याला आहे. पुलाखालचे दोन्ही पट्टे या मे महिन्यात पुन्हा रंगवले.